सरकार बदलायला किती माणसे लागतात?

१७ एप्रिल १९९९ रोजी लोकसभेत अटलबिहारी वाजपेयी सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर मतदान झाले. बाजूने २६९, विरोधात २७०. वर्षभरापूर्वीच्या निवडणुकीत देशाच्या मतदारयाद्यांत साठ कोटींहून अधिक नावे होती आणि साधारण सदतीस कोटी लोकांनी प्रत्यक्ष मतदान केले होते. त्या सगळ्या खटाटोपातून आलेले सरकार एका मताने गेले.

ते एक मत कोणाचे, यावर पुढे बराच काथ्याकूट झाला. तेव्हाच्या ओरिसाचे मुख्यमंत्री गिरिधर गमांग दोन महिन्यांपूर्वी दिल्ली सोडून भुवनेश्वरला गेले होते, पण कोरापुटची खासदारकी त्यांनी सोडली नव्हती. त्या दिवशी ते सभागृहात आले आणि त्यांनी सरकारविरुद्ध मत दिले. नॅशनल कॉन्फरन्सचे सैफुद्दीन सोझ यांनी स्वतःच्या पक्षाचा व्हिप धुडकावला आणि तेही विरोधात गेले. गमांग आले नसते, तर २६९ विरुद्ध २६९ अशी बरोबरी झाली असती. मग निर्णायक मत लोकसभा अध्यक्ष जी. एम. सी. बालयोगी यांच्याकडे गेले असते आणि त्यांचा तेलुगू देसम पक्ष सरकारच्या बाजूने होता. सोझ यांनी व्हिप पाळला असता, तर आकडे २७० विरुद्ध २६९ असे उलटे दिसले असते. दोनपैकी एका माणसाने वेगळे ठरवले असते, तरी सरकार टिकले असते.

आणि पडलेले सरकार लगेच घरी गेले असेही नाही. लोकसभा विसर्जित झाली आणि वाजपेयी काळजीवाहू पंतप्रधान म्हणून १३ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे १७९ दिवस, पदावर राहिले. कारगिलचे युद्ध याच काळातले. एका मताने हरलेल्या सरकारने देशाचे युद्ध चालवले आणि जिंकले.

त्या वेळी निदान पुन्हा निवडणूक झाली, मतदारांना विचारले गेले. संसदीय पद्धतीत अनेकदा तेवढेही होत नाही. सभागृह तेच, आमदार-खासदार तेच, मतदारांच्या बोटावरची शाई कधीच पुसली गेलेली, आणि सरकार मात्र दुसरेच. यात बेकायदा काही नाही. राज्यघटनेच्या कलम ७५ नुसार मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते. मतदार सभागृह निवडतो आणि सभागृह सरकार ठेवते किंवा काढते. दिल्लीत हे काम ५४३ जणांकडे आहे आणि त्यात २७२ ला बहुमत. महाराष्ट्रात २८८ पैकी १४५, गोव्यात ४० पैकी २१. मतदानाच्या दिवशी कोटींत असलेली संख्या निकालाच्या संध्याकाळी शेकड्यांवर येते. त्यानंतर ती किती खाली उतरते, ते पाहण्यासारखे आहे.

३४० दिवस, तीन शपथा

१६ मे १९९६ ते २१ एप्रिल १९९७ हे ३४० दिवस. एवढ्या काळात तिघांनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली: अटलबिहारी वाजपेयी, एच. डी. देवेगौडा आणि इंद्रकुमार गुजराल. निवडणूक एकच. वाजपेयींचे पहिले सरकार तेरा दिवसांचे ठरले. १ जूनला संयुक्त आघाडीचे नेते म्हणून देवेगौडा आले, तेव्हा ते संसदेच्या कोणत्याही सभागृहाचे सदस्य नव्हते. ते कर्नाटकचे मुख्यमंत्री होते. त्यांच्या जनता दलाच्या जागा होत्या ५४३ पैकी ४६. काँग्रेसच्या त्याच्या तिप्पट, १४०, आणि ती बाहेरून पाठिंबा देत होती.

३० मार्च १९९७ ला काँग्रेसने हात काढून घेतला आणि ११ एप्रिलला देवेगौडा १५८ विरुद्ध २९२ अशा मतांनी हरले. दहा दिवसांनी गुजराल पंतप्रधान झाले. पडलेले सरकार संयुक्त आघाडीचे, आलेलेही संयुक्त आघाडीचेच. पाठिंबा काढणारी काँग्रेस आणि पुन्हा देणारीही काँग्रेसच. एवढ्या उलथापालथीत बदलले ते एक नाव.

त्याआधी १९९० मध्ये याहून लहान गटाने देश हाती घेतला होता. ७ नोव्हेंबरला विश्वनाथ प्रतापसिंहांचे सरकार १४२ विरुद्ध ३४६ असे कोसळले आणि तीन दिवसांनी चंद्रशेखर पंतप्रधान झाले. जनता दलातून फुटून त्यांच्याबरोबर आलेले खासदार साठच्या आसपास होते. एका मिनिबसमध्ये मावणार नाहीत, पण दोन मिनिबसमध्ये आरामात बसतील एवढा सत्ताधारी पक्ष. त्यांना आधार होता बाहेर बसलेल्या काँग्रेसचा, आणि तो चार महिन्यांतच सुटला. ६ मार्च १९९१ ला चंद्रशेखर यांनी राजीनामा दिला, पण काळजीवाहू म्हणून ते जूनपर्यंत राहिले. याच काळात परकीय चलनाची तिजोरी रिकामी होत आली आणि मे महिन्यात २० टन सोने देशाबाहेर पाठवण्याची पाळी आली. साठेक खासदारांचे, तेही राजीनामा दिलेले सरकार. आणि निर्णय वीस हजार किलो सोन्याचा.

चौधरी चरणसिंगांचा आकडा तर शून्य आहे. २८ जुलै १९७९ ला त्यांनी शपथ घेतली आणि २० ऑगस्टला, लोकसभेला सामोरे जाण्याच्या आदल्या घटकेला, राजीनामा दिला. पंतप्रधान म्हणून त्यांनी लोकसभेचा सामना केलेले दिवस शून्य. तरीही काळजीवाहू म्हणून ते १४ जानेवारी १९८० पर्यंत, आणखी १४७ दिवस, त्या खुर्चीवर होते.

चाळीस

महाराष्ट्राला चाळीस या आकड्याची ओळख दोनदा झाली आहे.

पहिल्यांदा १९७८ मध्ये. फेब्रुवारीतल्या निवडणुकीत जनता पक्षाला ९९ जागा मिळाल्या, पण बहुमत कोणालाच नव्हते. एकमेकांविरुद्ध लढलेल्या दोन काँग्रेस एकत्र आल्या, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले आणि नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. जुलैमध्ये अधिवेशन चालू असतानाच मंत्रिमंडळातले शरद पवार चाळिसेक आमदारांसह बाहेर पडले. १८ जुलैला पुरोगामी लोकशाही दलाचे मुख्यमंत्री म्हणून त्यांनी शपथ घेतली. वय ३७ वर्षे आणि सात महिने. जनता पक्षाच्या ९९ जणांना जे पाच महिन्यांत जमले नव्हते, ते या चाळीस जणांच्या हलण्याने एका आठवड्यात घडले. पुढे १७ फेब्रुवारी १९८० ला दिल्लीतून ते सरकार बरखास्त झाले. त्या निर्णयातही महाराष्ट्राच्या मतदाराला कोणी विचारले नव्हते.

दुसऱ्यांदा २०२२ मध्ये, चव्वेचाळीस वर्षांनी. पण त्याची सुरुवात २०१९ पासून करायला हवी. त्या वर्षी राज्याच्या याद्यांत जवळपास नऊ कोटी मतदार होते, म्हणजे एका आमदारामागे सरासरी तीन लाखांच्या वर. निकाल: भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. महिनाभर सरकार झाले नाही, राष्ट्रपती राजवट आली. ती २३ नोव्हेंबरला पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी उठली आणि राज्यात बहुतेक घरांत सकाळचा चहा व्हायच्या सुमारास देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री, अजित पवार उपमुख्यमंत्री झालेले होते. सुमारे ८० तासांनी ते सरकार गेले. २८ तारखेला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे यांनी शपथ घेतली. सहा दिवसांत दोन मुख्यमंत्री.

३० नोव्हेंबर २०१९ ला ठाकरे सरकारने विश्वासमत जिंकले: १६९ विरुद्ध शून्य, कारण भाजपने सभात्याग केला होता. जून २०२२ मध्ये शिवसेनेचे एकनाथ शिंदे पक्षाच्या चाळिसेक आमदारांसह आधी सुरतला, तिथून दोन हजार किलोमीटरांहून दूर गुवाहाटीला गेले. ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ हे सांगोल्याच्या शहाजीबापू पाटलांचे फोनवरचे वर्णन राज्यभर तोंडपाठ झाले, ते याच मुक्कामातले. २९ जूनच्या रात्री ठाकरे यांनी राजीनामा दिला, ३० ला शिंदे मुख्यमंत्री झाले आणि ४ जुलैला त्यांनी विश्वासमत जिंकले: १६४ विरुद्ध ९९.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवा. १६९ आणि १६४. बेरीज ३३३. सभागृह २८८ चे. मधल्या पोटनिवडणुकांनी आणलेले तीन नवे चेहरे धरले, तरी २९१. उरतात ४२. म्हणजे कोणाची यादी न पाहता, नुसत्या वजाबाकीने सिद्ध होते की किमान ४२ आमदारांनी एकतीस महिन्यांच्या अंतराने एका सरकारवर आणि ते हटवून आलेल्या दुसऱ्या सरकारवर, अशा दोन्ही सरकारांवर विश्वास व्यक्त केला. त्यांना निवडून देणाऱ्या मतदारसंघांत सव्वा कोटीहून अधिक नावे होती. यादीतल्या त्या नावांनी मत एकदाच नोंदवले होते.

यातला आणखी एक आकडा शून्य आहे. ठाकरे सरकार कोणत्याही मतदानात हरले नाही, कारण मतदान झालेच नाही. ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणे समर्थनीय नव्हते असे म्हटले. पण मुख्यमंत्र्यांनी चाचणीला सामोरे न जाताच राजीनामा दिल्याने जुने सरकार पुन्हा आणता येणार नाही, असेही सांगितले.

दर वीस तासांनी एक

पक्षांतराचा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला गेला तोही एका मराठी माणसाच्या अध्यक्षतेखाली. १९६७ च्या निवडणुकीनंतर उत्तरेत सरकारे एकामागून एक पडू लागली. हरियाणात गया लाल नावाच्या आमदाराने पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि ‘आया राम, गया राम’ हा वाक्प्रचार देशाला मिळाला. तेव्हा केंद्रीय गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या १९६९ च्या अहवालातले आकडे असे: १९५७ ते १९६७ या दहा वर्षांत पक्षांतराच्या ५४२ घटना, आणि मार्च १९६७ ते फेब्रुवारी १९६८ या एका वर्षात ४३८.

पहिला वेग साधारण आठवड्याला एक. दुसऱ्याचा हिशेब केला तर वर्षाचे ८,७६० तास भागिले ४३८, बरोबर वीस तास. वर्षभर, रात्रंदिवस, दर वीस तासांनी देशात कुठेतरी एक लोकप्रतिनिधी पक्ष बदलत होता. त्याचे कारणही समितीने आकड्यातच दिले. राज्यांतल्या २१० पक्षांतरित आमदारांपैकी ११६ जण मंत्रिमंडळात गेले. शंभरातल्या पंचावन्न जणांना थेट मंत्रिपद.

यावर कायदा यायला १९८५ उजाडले. बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले: पक्ष सोडला किंवा व्हिप मोडला, तर सदस्यत्व जाईल. पण विधिमंडळ पक्षाचा एक तृतीयांश हिस्सा फुटला, तर ती ‘फूट’, आणि तिला संरक्षण. चंद्रशेखर यांच्या वेळी हाच दरवाजा उपयोगी पडला. १४३ च्या आसपासच्या जनता दलातून ४८ जण पुरेसे होते. २००३ च्या एक्क्याण्णवाव्या दुरुस्तीने एक तृतीयांशाची सवलत काढून टाकली. उरली ती दोन तृतीयांशांची, विलीनीकरणाच्या नावाने. किरकोळ विक्री बंद झाली आणि घाऊक बाजार चालू राहिला.

कायदा अपूर्णांकात बोलतो तेव्हा राजकारण किती नेमके मोजते, हे पाहायचे तर गोव्याला जावे. मार्च २०१९ मध्ये महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे तीन आमदार होते. दोघे भाजपमध्ये विलीन झाले. तीनातले दोन, म्हणजे काटेकोर दोन तृतीयांश. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसचे पंधरा आमदार होते. दहा जण भाजपमध्ये गेले. पुन्हा काटेकोर दोन तृतीयांश. सप्टेंबर २०२२ मध्ये काँग्रेसचे अकरा होते. अकराचे दोन तृतीयांश सात पूर्णांक तेहेतीस. सात जण गेले असते, तर सगळ्यांची आमदारकी धोक्यात. आठ जण गेले. त्याच वर्षी जानेवारीत याच पक्षाच्या उमेदवारांना देवळात, क्रॉससमोर आणि दर्ग्यात नेऊन एकनिष्ठेच्या शपथा देण्यात आल्या होत्या. तीन धर्मांच्या तीन शपथांपेक्षा एका अपूर्णांकाचे वजन जास्त निघाले.

या गणिताचा एकूण परिणाम असा. २०१७ च्या निवडणुकीत गोव्याच्या मतदारांनी काँग्रेसला १७ आणि भाजपला १३ जागा दिल्या. सरकार भाजपचे झाले, २२ विरुद्ध १६ मतांनी. मनोहर पर्रीकरांच्या निधनानंतर १९ मार्च २०१९ ला रात्री दोनच्या सुमारास प्रमोद सावंत यांचा शपथविधी झाला आणि जुलैपर्यंत तेरांचे सत्तावीस झाले होते. मधल्या काही पोटनिवडणुका सोडल्या, तर मतदाराने यासाठी घराबाहेर पाऊलही टाकलेले नव्हते.

गोव्यात हे इतके सहज का होते, त्याचे उत्तर आकारात आहे. २०१७ मध्ये सगळ्या गोव्याचे मतदार मिळून सुमारे अकरा लाख होते. महाराष्ट्रातले चार सरासरी विधानसभा मतदारसंघ एकत्र केले, तरी त्याहून जास्त भरतात. एका गोमंतकीय आमदारामागे अठ्ठावीस हजारांच्या आतच मतदार येतात. चाळीस जणांच्या सभागृहात तिघे हलले की राज्य हलते. १९९० च्या जानेवारीपासून १९९४ च्या डिसेंबरपर्यंतच्या एकाच विधानसभेत गोव्याने मुख्यमंत्रिपदाचे सात कार्यकाळ पाहिले आणि मध्ये राष्ट्रपती राजवटही. चर्चिल आलेमाव १८ दिवस मुख्यमंत्री होते. एप्रिल १९९४ मधला रवी नाईक यांचा दुसरा कार्यकाळ तर सहा दिवसांचा.

एक्क्याण्णवाव्या दुरुस्तीने बक्षिसांनाही मर्यादा घातली. १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात कल्याणसिंह यांच्या मंत्रिमंडळात ९३ मंत्री होते. आता मंत्रिमंडळ सभागृहाच्या पंधरा टक्क्यांपेक्षा मोठे करता येत नाही. महाराष्ट्रात ही संख्या ४३ येते. पण लहान राज्यांत मंत्री बारापेक्षा कमी असू नयेत, अशी तरतूद आहे. गोव्यात पंधरा टक्के म्हणजे सहा, प्रत्यक्षात बारा. तिथे सरकार टिकवायला २१ जण लागतात आणि त्यातल्या बारांना मंत्री करता येते: सत्तावन्न टक्के. चव्हाण समितीला पंचावन्न टक्के हा आकडा धक्कादायक वाटला होता.

एक लाख बहात्तर हजार, आणि शून्य

हे सगळे आपल्याकडच्या घोडेबाजाराचे वैशिष्ट्य आहे असे वाटत असेल, तर ज्यांच्याकडून आपण ही पद्धत घेतली त्यांच्याकडे पाहावे. सप्टेंबर २०२२ मध्ये लिझ ट्रस ब्रिटनच्या पंतप्रधान झाल्या त्या हुजूर पक्षाच्या सभासदांच्या मतांनी. पात्र सभासद १,७२,४३७. ट्रस यांना ८१,३२६ मते, ऋषी सुनक यांना ६०,३९९. २०१९ च्या निवडणुकीत ब्रिटनचे मतदार चार कोटी पंचाहत्तर लाखांच्या वर होते. म्हणजे देशाचा पंतप्रधान निवडण्याचा हक्क हजारातल्या चार जणांनाही नव्हता. महाराष्ट्राच्या हिशेबात सांगायचे, तर ब्रिटनच्या पंतप्रधानपदाचा मतदारसंघ आपल्या एका सरासरी विधानसभा मतदारसंघाच्या जेमतेम निम्म्याहून थोडा मोठा होता.

ट्रस ४९ दिवस टिकल्या. त्यानंतर सुनक आले तेव्हा आकडा आणखी खाली गेला. खासदारांमधून पुरेशी नामांकने मिळवणारे ते एकटेच उरले, त्यामुळे सभासदांपर्यंत मतदान गेलेच नाही. पावणेपाच कोटी, मग पावणेदोन लाख, मग शून्य, आणि पावणेदोन लाखांवरून शून्य तर सात आठवड्यांत.

त्याच ब्रिटनमध्ये ८ मे १९४० ला चेंबरलेन सरकार नॉर्वेतल्या अपयशावरचे मतदान २८१ विरुद्ध २०० असे जिंकले होते. ८१ चे मताधिक्य आपल्याकडच्या कोणत्याही मुख्यमंत्र्याने पेढे वाटावेत एवढे. पण त्या सरकारचे नेहमीचे मताधिक्य दोनशेच्या वर होते. स्वतःची इतकी माणसे विरोधात गेली किंवा गप्प बसली, याचा अर्थ चेंबरलेन समजले. दोन दिवसांनी विन्स्टन चर्चिल पंतप्रधान झाले. आधीची निवडणूक १९३५ ची, पुढची १९४५ ची. हिटलरशी लढणारा पंतप्रधान ब्रिटिश मतदाराने त्या पदासाठी निवडलेला नव्हता.

ऑस्ट्रेलियात तर १९४१ च्या ३ ऑक्टोबरला एका पौंडाने सरकार गेले. अर्थसंकल्पातला खर्च नावापुरता एक पौंडाने कमी करावा, अशी सूचना मजूर पक्षाने मांडली. आर्थर कोल्स आणि अलेक्झांडर विल्सन हे दोन अपक्ष फॅडन सरकारला सोडून तिच्या बाजूने गेले आणि ती ३६ विरुद्ध ३३ अशी संमत झाली. जॉन कर्टिन पंतप्रधान झाले. दोन महिन्यांनी जपानने युद्ध पेटवले, तेव्हा ऑस्ट्रेलियाची सूत्रे या दोघांनी आणलेल्या सरकारकडे होती.

स्वीडनचे आकडे वाचताना छापण्यात चूक झाली असे वाटेल. २४ नोव्हेंबर २०२१ ला माग्दालेना आंदेरसोन यांच्या बाजूने ११७ मते पडली, विरोधात १७४, तटस्थ ५७. आणि त्या निवडून आल्या. तिथला नियम उलटा आहे: पंतप्रधानाला बहुमताचा पाठिंबा लागत नाही, फक्त बहुमताचा विरोध नसावा लागतो. ३४९ च्या सभागृहात १७५ विरोधी मते हवी होती, एक कमी पडली. अर्थसंकल्प हरल्याने आणि मित्रपक्ष बाहेर पडल्याने सात-एक तासांत त्यांनी राजीनामा दिला. पाच दिवसांनी पुन्हा मतदान झाले: बाजूने १०१, विरोधात १७३. या वेळी पाठिंबा आणखी घटला होता आणि त्या पुन्हा निवडून आल्या.

इटलीचा सरासरीचा हिशेब आहे. २०२२ मध्ये आलेले जॉर्जिया मेलोनी यांचे सरकार हे प्रजासत्ताकाचे ६८ वे, आणि संसद १९ वी. एका संसदेमागे तीनहून अधिक सरकारे.

ऑस्ट्रेलियातल्या दोघांहून खालचा आकडा मात्र आपल्याच घरचा आहे. १९८५ मध्ये निवडलेल्या महाराष्ट्र विधानसभेने पाच वर्षांत वसंतदादा पाटील, शिवाजीराव पाटील निलंगेकर, शंकरराव चव्हाण आणि शरद पवार असे चार मुख्यमंत्री पाहिले. बहुमत एकाच पक्षाचे, आमदार तेच, कोणी फुटले नाही, अविश्वास ठरावाने कोणी गेले नाही. निर्णय दिल्लीत होत असे आणि मुंबईत त्याला एकमताने अनुमोदन मिळे. तेव्हा महाराष्ट्राचा मुख्यमंत्री बदलायला लागणाऱ्या माणसांची संख्या, पक्षश्रेष्ठी हा शब्द कितीही अनेकवचनी असला, तरी एक होती.

मोजायचे कुठे, आणि विचारायचे कोणाला

एवढे आकडे पाहून निवडणुकीशिवाय सरकार बदलणे हाच दोष आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. पण ती सोय काढून टाकली, तर नालायक ठरलेले सरकारही पाच वर्षे हलवता येणार नाही. चर्चिल आणि कर्टिन ज्या दाराने आले, त्याच दाराने चरणसिंग आणि ट्रसही आले. दार बंद करण्यात अर्थ नाही, त्यावर पहारा कसला असावा एवढाच प्रश्न.

त्याचे एक उत्तर जर्मनीने दिले. तिथे चॅन्सेलरला नुसते पाडता येत नाही. त्याच मतदानात त्याचा वारस बहुमताने निवडावा लागतो. २७ एप्रिल १९७२ ला विली ब्रांट यांच्याविरुद्ध राइनर बार्झेल यांना २४९ मते हवी होती, २४७ मिळाली. आपल्याला पैसे मिळाले होते, असे पुढे एका खासदाराने कबूल केले. तेव्हा आकड्यांच्या शुद्धतेची हमी तिथेही नाही. १ ऑक्टोबर १९८२ ला मात्र हेल्मुट कोल यांना २५६ मिळाली आणि तेव्हाचे चॅन्सेलर श्मिट गेले. पण देश एक दिवसही बिनसरकारचा राहिला नाही. हा नियम आपल्याकडे असता, तर १९९९ च्या त्या २७० जणांना वाजपेयींना हटवण्याआधी एका नावावर एकत्र यावे लागले असते, आणि ते त्यांना पुढे जमले नाही हे सगळ्यांनी पाहिलेच.

दुसरे उत्तर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ११ मार्च १९९४ ला बोम्मई खटल्यात दिले: बहुमत राजभवनाच्या दिवाणखान्यात मोजायचे नाही, सभागृहातच मोजायचे. फेब्रुवारी १९९८ मध्ये उत्तर प्रदेशात राज्यपालांनी कल्याणसिंहांना काढून जगदंबिका पाल यांना रातोरात शपथ दिली, तेव्हा न्यायालयाने दोघांनाही एकाच सभागृहात एकाच दिवशी उभे केले. कल्याणसिंह २२५, पाल १९६. वाद मिटला. खरे आकडे उजेडात मोजले की निम्मे राजकारण आपोआप संपते.

तिसरे उत्तर सुचवले गेले, पण स्वीकारले गेले नाही. न्या. एम. एन. वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालच्या घटना आढावा आयोगाने २००२ मध्ये शिफारस केली की पक्षांतर एकट्याने करा की गटाने, प्रत्येकाने राजीनामा देऊन पुन्हा निवडून यावे. उरलेल्या मुदतीत त्याला मंत्रिपद वा लाभाचे पद मिळू नये. आणि सरकार पाडण्यासाठी त्याने दिलेले मत बाद धरावे. अपूर्णांकच नको, असे हे म्हणणे होते. वर्षभराने घटनादुरुस्ती झाली आणि दोन तृतीयांश तसेच राहिले.

पुन्हा मतदारांकडे गेले, तर काय होते, याचा एक नमुना कर्नाटकात मिळाला. जुलै २०१९ मध्ये सत्ताधारी आघाडीच्या आमदारांनी राजीनामे दिले आणि कुमारस्वामी सरकार ९९ विरुद्ध १०५ असे पडले. सतरा जण अपात्र ठरले. न्यायालयाने अपात्रता कायम ठेवली, पण निवडणूक लढवायची मुभा दिली. डिसेंबरमध्ये पंधरा जागांवर पोटनिवडणूक झाली आणि बहुतेक जुने चेहरे नव्या चिन्हावर उभे राहिले. पंधरापैकी बारा जागा भाजपने जिंकल्या.

पक्षांतराला जनता धडा शिकवते, असे मानणाऱ्यांची यात निराशाच आहे. मतदारांनी आपल्या आमदारांना बहुतेक ठिकाणी माफ केले, किंवा त्यांना माफ करण्यासारखे काही वाटलेच नाही. पण शीर्षकातल्या प्रश्नाचे उत्तर त्या पंधरा मतदारसंघांत वेगळे आले. आमदारांनी बेंगळुरूत आणि हॉटेलांत ठरवलेले तिथल्या लाखो मतदारांपुढे मंजुरीला आले, आणि तीन ठिकाणी नामंजूरही झाले. ती मंजुरी चुकीची होती, असे ज्यांना वाटते त्यांना निदान कोणाशी वाद घालायचा हे ठाऊक आहे. महाराष्ट्रातल्या त्या किमान ४२ मतदारसंघांत आणि गोव्यातल्या दहांत, आठांत, दोनांत हा वाद मतपेटीपर्यंत पोचायला पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीची वाट पाहावी लागली किंवा लागणार आहे. तोपर्यंत मंत्रिपदे वाटून होतात, अर्थसंकल्प मंजूर होतात आणि मूळ प्रश्न शिळा होतो. दोन तृतीयांशांची तरतूद नेमके एवढेच काम करते: ती फुटणाऱ्यांची संख्या वाढवते आणि विचारले जाणाऱ्यांची संख्या शून्यावर आणते.